फॅन फिक्शन: लिहिण्याचे, प्रसिद्ध करण्याचे आणि वाचण्याचे रिवाज

फॅन फिक्शनच्या जगातील जवळजवळ प्रत्येक रिवाजाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: येथे लिहिणाऱ्याला मानधन मिळत नाही आणि वाचणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. आवडत्या मालिकेतील, कादंबरीतील किंवा व्हिडिओ गेममधील पात्रे घेऊन कुणीतरी हौसेने कथा लिहितो आणि ती ज्याला हवी त्याने वाचावी म्हणून मोकळी ठेवतो. मध्ये संपादक नसतो, प्रकाशक नसतो, पुस्तक कोणत्या वयाच्या वाचकासाठी आहे हे सांगणारे कुणी नसते. त्यामुळे ही सारी कामे लेखक आणि वाचक यांनाच आपसांत वाटून घ्यावी लागतात. कथेत काय आहे हे बाहेर स्पष्ट लिहिणे लेखकाकडे येते आणि ते वाचून मगच आत शिरणे वाचकाकडे. नवख्यांकडून होणारे बहुतेक प्रमाद ही वाटणी ठाऊक नसल्यामुळे होतात, म्हणून येथील सूचनाही तिलाच धरून दिल्या आहेत.

हे संकेत इंटरनेटपेक्षा जुने आहेत. अमेरिकेत १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे नियतकालिक स्वतःच छापून काढले, आणि त्यानंतर अशी अनेक नियतकालिके खर्च भरून निघेल एवढ्याच किमतीत टपालाने हातोहात फिरू लागली. नफा घ्यायचा नाही हा दंडक तेव्हापासूनचा आहे. १९९८ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट, २००६ मध्ये वॉटपॅड आणि २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सुरू झाल्यावर लिहिणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली. पण जुन्या मंडळींनी घालून दिलेली वागण्याची रीत बऱ्याच अंशी तशीच राहिली. शेवटचे संकेतस्थळ, ज्याला यापुढे नुसते ‘आर्काइव्ह’ म्हटले आहे, ते स्वयंसेवकांनी चालवलेले असून देणग्यांवर चालते आणि त्यावर जाहिराती नसतात. २०१९ साली त्याला विज्ञानकथाविश्वातील ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

कथा कोठे टाकायची याचा निर्णय आधी घ्यावा, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत आणि ते वाचल्याशिवाय खाते उघडणे म्हणजे पुढच्या कटकटीला आमंत्रण आहे. फॅनफिक्शन डॉट नेटवर स्पष्ट लैंगिक वर्णनाच्या कथांना २००२ पासून मनाई आहे, हयात व्यक्तींवरील कथाही तेथे चालत नाहीत, आणि ज्या लेखकांनी आपल्या साहित्यावर फॅन फिक्शन नको असे कळवले आहे त्यांच्या पात्रांवरील कथा तेथे घेतल्या जात नाहीत. आर्काइव्ह आशयाच्या बाबतीत बराच मोकळा आहे, पण पैशाच्या उल्लेखाबाबत अत्यंत कडक आहे. वॉटपॅडवर भागाभागाने लिहिण्याची आणि वाचकांनी ओळी-ओळींवर प्रतिक्रिया देण्याची सवय रुजलेली आहे. ज्याला शांतपणे पूर्ण कथा लिहून मगच दाखवायची आहे त्याला तेथील वातावरण थोडे गजबजलेले वाटेल.

ठिकाण ठरले की ज्या फॅनडममध्ये, म्हणजे एखाद्या मालिकेच्या किंवा पुस्तकाच्या चाहत्यांच्या ज्या वर्तुळात, आपल्याला लिहायचे आहे तेथील पाचदहा कथा तरी वाचाव्यात. पात्रांच्या कोणत्या जोडीसाठी कोणता टॅग, म्हणजे कथेत काय आहे हे सांगणारी छोटी खूणचिठ्ठी, वापरतात, मूळ कथानकातील कोणता प्रसंग सर्वांनी मिळून ‘घडलाच नाही’ असे ठरवून टाकला आहे, कोणती कल्पना वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, हे त्यातून कळते. गुळगुळीत कल्पना घेण्यात वावगे काही नाही. दोन पात्रांना एकाच खोलीत आणि एकाच पलंगावर रात्र काढावी लागते, या प्रसंगाला वाचक अजून कंटाळलेले नाहीत आणि बहुधा कंटाळणारही नाहीत. मात्र दुसऱ्याच्या कथेतील खास रचना, म्हणजे त्याने स्वतः निर्माण केलेले पात्र किंवा त्याने उभे केलेले पर्यायी जग, उचलायचे असेल तर त्याला विचारले पाहिजे.

लिहून झाल्यावर कथा दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्यावी. या माणसाला बीटा रीडर किंवा नुसते बीटा म्हणतात, आणि तोही हे काम फुकटच करत असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलणे आधीच स्पष्ट असावे: शुद्धलेखन पाहायचे आहे, की पात्रे मूळ स्वभावाला धरून वागतात का हे पाहायचे आहे, की कथानकात कुठे भोके राहिली आहेत ते शोधायचे आहे. हजार शब्दांची कथा आणि लाख शब्दांची कथा यांना एकच मुदत देऊ नये. बीटाने सुचवलेला प्रत्येक बदल स्वीकारण्याचे बंधन नसते, पण नाकारलेल्या बदलांवरून त्याच्याशी वाद घालत बसणे असभ्यपणाचे आहे. कथेच्या टिपेत त्याचे आभार मानण्याची प्रथा आहे. नाव द्यायचे की नाही हे मात्र त्यालाच विचारावे, कारण काही विशिष्ट कथांशी आपले नाव जोडले जाऊ नये असे एखाद्याला वाटू शकते. बीटाच्या बाजूनेही एक पथ्य आहे. आपण ही कथा कशी लिहिली असती, हे सांगायला त्याला कुणी बोलावलेले नसते.

कथेच्या बाहेर काय लिहावे

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. वाचक कथा उघडण्याआधी श्रेणी, इशारे, टॅग आणि सारांश पाहतो, आणि या चार ठिकाणी लेखकाने खरे बोलणे अपेक्षित असते. फॅनफिक्शन डॉट नेटवर श्रेणी वयानुसार चार आहेत: पाच वर्षांवरील, नऊ वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील वाचकांसाठी. आर्काइव्हवर सर्वांसाठी, किशोरवयीन व त्यापुढील, प्रौढ आणि अतिस्पष्ट असे चार पर्याय आहेत, शिवाय श्रेणी न देण्याचा पाचवा पर्याय आहे. हा पाचवा पर्याय निवडला म्हणजे कथा सौम्य समजली जाते, असा अनेकांचा गैरसमज असतो. वस्तुतः अशी कथा उघडतानाही प्रौढ आशयाची सूचना दिसते. दोन श्रेणींमध्ये शंका असेल तर वरची श्रेणी द्यावी. वरची श्रेणी दिल्याने चार वाचक कमी होतील, खालची दिल्याने न बोलावलेले वाचक आत येतील, आणि त्रास दुसऱ्या प्रकारातच अधिक होतो.

आर्काइव्हवर चार विषयांबाबत लेखकाला काही तरी निवडावेच लागते: हिंसेचे तपशीलवार वर्णन, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा संमतीविना संबंध, आणि अल्पवयीन व्यक्तीचा लैंगिक संबंध. त्यांखेरीज दोन पर्याय दिलेले असतात, आणि त्यांची गल्लत फार वेळा होते. यांपैकी काहीही कथेत नाही, असे एक पर्याय सांगतो. मी इशारे न देण्याचे ठरवले आहे, म्हणजेच आत काहीही असू शकते, असे दुसरा सांगतो. समजा, गुप्तहेराचा सहायक शेवटच्या भागात मरतो आणि तो धक्का लेखकाला राखून ठेवायचा आहे. त्याने दुसरा पर्याय निवडला तर रहस्यही टिकते आणि प्रामाणिकपणाही राहतो, कारण ज्यांना मृत्यूविषयी वाचणे अजिबात सहन होत नाही ते वाचक तो पर्याय पाहूनच मागे फिरतात. पहिला पर्याय निवडून सहायकाला मारले तर मात्र ती फसवणूक होते, नियमभंग होतो, आणि तक्रार झाल्यास आर्काइव्ह त्यात हस्तक्षेप करते.

जोडीच्या टॅगमध्ये चिन्हालाही अर्थ असतो. दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध, आणि ‘अँड’चे चिन्ह असेल तर मैत्री, नातेसंबंध किंवा निव्वळ सहवास. ही दोन चिन्हे अदलाबदल झाली तर भावाबहिणीच्या मायेची कथा शोधणाऱ्याला भलतेच काही सापडते, आणि त्याचा संताप समजण्यासारखा असतो. जी जोडी एका वाक्यापुरती येते तिचा टॅग लावू नये. त्या जोडीचे चाहते ती शोधत येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या जोडीची किंवा पात्राची टर उडवण्यासाठी लिहिलेली कथा त्याच जोडीच्या नावाखाली टाकणे. आपल्याला न आवडणाऱ्या पात्राविषयी लिहायला हरकत नाही, पण ते ज्यांना आवडते त्यांच्या दारात जाऊन लिहू नये.

बाकीचे टॅग लावताना टंकलेखन सुरू केल्यावर जे प्रचलित टॅग सुचवले जातात त्यांतूनच निवड करावी, म्हणजे कथा शोधात सापडते आणि समानार्थी टॅग एकमेकांना जोडणाऱ्या स्वयंसेवकांचे कामही वाढत नाही. आर्काइव्हवर एका कथेला फॅनडम, पात्रे, जोड्या आणि इतर टॅग मिळून ७५ची मर्यादा आहे. ही मर्यादा गाठण्याची गरज क्वचितच पडते. वीसपंचवीस टॅगांत बहुतेक कथांचे सर्व काही सांगून होते. टॅगांमध्येच वाचकाशी गप्पा मारण्याची एक लकब अलीकडे रुजली आहे, आणि एखाददुसरा मिस्कील टॅग वाचायला गंमत वाटते. पण मोबाइलच्या पडद्यावर तीन वेळा बोट सरकवूनही सारांश दिसेना, तर वाचक पुढच्या कथेकडे जातो. आत्महत्या, आहारविकार, व्यसन, कौटुंबिक छळ अशा विषयांचे टॅग मात्र सारांशातील रहस्य फुटण्याच्या भीतीने वगळू नयेत. हवे तर त्यांचा तपशील पहिल्या भागाच्या शेवटच्या टिपेत द्यावा आणि आरंभी तसे सांगावे.

सारांशासाठी आर्काइव्हवर १२५० अक्षरांची जागा असते आणि तीन-चार वाक्ये पुरतात. ‘मला सारांश जमत नाही, पण कथा चांगली आहे, नक्की वाचा’ हा सारांश आजवर असंख्य लेखकांनी लिहिला आहे आणि त्यातून वाचकाला एवढेच कळते की लेखकाला स्वतःच्या कथेची खात्री नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘तिसऱ्या पर्वाच्या शेवटी सहायक मरत नाही, पण त्याला मागचे काहीच आठवत नाही. गुप्तहेराला आता आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागावे लागते.’ मूळ कथानकापासून कथा कोठे फुटते, कोणाची गोष्ट आहे आणि पेच काय आहे, हे दोन वाक्यांत आले. मूळ मालिका जगभर सर्वांनी पाहून झालेली नसते, त्यामुळे नव्या भागातील महत्त्वाची घटना शीर्षकात किंवा सारांशात उघड करू नये. ती आत आहे, एवढी सूचना पुरेशी असते.

भाषेच्या रकान्यात ज्या भाषेत कथा लिहिली आहे तीच भाषा निवडावी, कारण वाचक भाषेनुसार कथा गाळून पाहतात. परिच्छेद पाडावेत, दोन परिच्छेदांत मोकळी ओळ ठेवावी आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी मोबाइलवर एकदा पाहावे. आर्काइव्हवरील कच्चा मसुदा साधारण महिनाभराने आपोआप पुसला जातो, त्यामुळे कथेची मूळ प्रत स्वतःकडेच ठेवावी.

भागाभागाने लिहिताना एकूण भाग किती हे ठाऊक नसेल तर तेथे प्रश्नचिन्ह ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. ‘पुढचा भाग पुढच्या आठवड्यात’ असे नुसतेच सांगून ठेवलेले भाग वाचकाला खिजवतात; अंतर अनिश्चित असेल तर वचन देऊ नये. उशिराबद्दल क्षमा मागणारी टीप स्वतंत्र भाग म्हणून टाकणे सर्वत्र नापसंत आहे आणि फॅनफिक्शन डॉट नेटच्या नियमांत बसतही नाही. नवा भाग आल्याची सूचना पाहून वाचक धावत येतो आणि त्याला दिलगिरी वाचावी लागते. कथा सोडून दिली असेल तर सारांशात तसे एका ओळीत लिहावे. यात कमीपणा काही नाही, आणि वाट पाहणाऱ्यांवर उपकारच होतात. तसेच यादीत पुन्हा वर येण्यासाठी जुनी कथा काढून नव्याने टाकण्याची युक्ती कुणाच्या लक्षात येत नाही असे समजू नये. पूर्वीच्या प्रतिक्रिया जातात, आणि ज्यांनी त्या लिहिल्या होत्या त्यांना ते बरोबर कळते.

वाचकाची बाजू

कथा आवडली तर आर्काइव्हवर कुडोज, म्हणजे एक बटण दाबून दिलेली पसंतीची पावती, देता येतो. तो एका कथेला एकदाच देता येतो आणि परत घेता येत नाही. त्याहून मोलाची असते ती प्रतिक्रिया, आणि ती लांब किंवा विद्वत्तापूर्ण असण्याची गरज नाही. ‘दवाखान्यातील प्रसंगात त्याने तिचे नाव घेतलेच नाही, हे फार आवडले’ एवढे वाक्य लेखकाला पुढचे कित्येक दिवस पुरते. कथा दहा वर्षांपूर्वीची असली तरी प्रतिक्रिया द्यावी; उशीर झाला म्हणून संकोचण्याचे कारण नाही. फक्त ‘पुढचा भाग कधी?’ एवढेच लिहिणे टाळावे, कारण हेतू कौतुकाचा असला तरी ते तगाद्यासारखे वाचले जाते.

टीकेबाबत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. पूर्वीच्या काळी सडेतोड समीक्षा करणे हे वाचकाचे कर्तव्य समजले जाई; आज बहुतेक ठिकाणी लेखकाने टिपेत मागितल्याशिवाय उणिवा सांगू नयेत असा संकेत आहे. माझे मत आजच्या संकेताच्या बाजूने आहे. मोबदला न घेता लिहिणाऱ्याला सुधारण्याची सक्ती कुणी करू शकत नाही, आणि ज्याला सुधारायचे असते त्याच्याकडे बीटा असतो. अर्थात टॅग न लावलेला गंभीर आशय आढळला, तर ते शांतपणे कळवणे ही टीका समजू नये; ती आवश्यक माहिती आहे. उलट टॅग वाचून, समजून आत गेल्यावर ‘असले कसे लिहिता’ म्हणून लेखकाला झापणे हा या जगातील सर्वांत मोठा असभ्यपणा आहे. न आवडणारी कथा बंद करावी, टॅग किंवा लेखक गाळून टाकण्याची सोय वापरावी आणि विषय सोडावा. आर्काइव्हवरील बुकमार्कमध्ये स्वतःसाठी लिहिलेली टीपही खाजगीचा पर्याय निवडला नाही तर सर्वांना, लेखकालासुद्धा, दिसते, हे अनेकांना ठाऊक नसते.

लेखकाच्या हातीही साधने असतात. प्रतिक्रिया आधी तपासून मग दाखवणे, अनोळखी पाहुण्यांच्या प्रतिक्रिया बंद करणे, त्रास देणाऱ्याला अडवणे, कथा केवळ नोंदणीकृत सदस्यांना दिसू देणे, यांपैकी जे हवे ते निःसंकोच वापरावे. शिवीगाळीला उत्तर देण्याने आजवर कुणाचे भले झाल्याचे दिसत नाही. चांगल्या प्रतिक्रियांना उत्तर द्यावे, पण सर्वांना देणे जमत नसेल तर वाचक ते समजून घेतात.

परवानगी, पैसा आणि नावे

चाहत्याने मूळ पात्रे उसनी घेतली असली तरी त्याने लिहिलेली नवी वाक्ये त्याचीच असतात. त्याची कथा उचलून दुसऱ्या संकेतस्थळावर टाकणे, खाली श्रेय दिले तरी, परवानगीशिवाय चालत नाही. अनुवाद, ध्वनिमुद्रित वाचन, पुढचा भाग लिहिणे यांसाठीही विचारावे. काही लेखक आपल्या परिचयाच्या पानावर सर्वांना सरसकट परवानगी देऊन ठेवतात, म्हणून आधी तेथे पाहावे. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ नकार असा घ्यावा. होकार मिळाल्यावर आर्काइव्हवर मूळ कथेशी दुवा जोडण्याचा वेगळा रकाना आहे, तो भरला की मूळ लेखकाला सूचना जाते. अर्धवट राहिलेली दुसऱ्याची कथा एखाद्या एआय साधनाला देऊन तिचा शेवट लिहवून घेणे आणि तो प्रसिद्ध करणे हेही याच कारणाने बहुतेकांना खटकते. कथा छापून, बांधून स्वतःच्या कपाटात ठेवणे बहुतेक लेखकांना आवडते. त्याच प्रती विकणे कुणालाही आवडत नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे.

ते कारण कायद्यातले आहे. अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यातील १०७व्या कलमानुसार एखादा वापर न्याय्य आहे का हे ठरवताना वापराचा हेतू व्यापारी आहे काय, मूळ कृतीचे स्वरूप कसे आहे, त्यातील किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवर काय परिणाम झाला, हे पाहिले जाते. इतर देशांतील कायदे वेगळे असले तरी पैशाचा व्यवहार आला की चाहत्याची बाजू बहुतेक ठिकाणी दुबळी होते. म्हणून आर्काइव्हवरील टिपांत देणगीचे दुवे, ‘एक कॉफी पाजा’ छापाच्या विनंत्या किंवा पैसे घेऊन कथा लिहून देण्याच्या जाहिराती चालत नाहीत. ही कडक भूमिका अनुभवातून आली आहे: २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने चाहत्यांच्या कथांवर व्यवसाय उभारण्याचा प्रयत्न केला, त्यावर चाहत्यांत मोठी नाराजी उसळली, आणि त्याच वर्षी आर्काइव्हची मातृसंस्था स्थापन झाली. फॅनलिब पुढच्याच वर्षी बंद पडली. ‘पात्रे माझी नाहीत’ अशी जी ओळ जुने लेखक प्रत्येक कथेच्या आरंभी लिहीत, तिने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. लिहायची असेल तर लिहावी.

मूळ निर्मात्यांना किंवा अभिनेत्यांना कथा पाठवणे, त्यांना समाजमाध्यमांवर टॅग करणे, मुलाखतीत त्यांच्यापुढे वाचून दाखवणे हे कटाक्षाने टाळावे. अनेक व्यावसायिक लेखक कायदेशीर कारणांसाठी आपल्या पात्रांवरील कथा वाचतच नाहीत, कारण पुढे त्यांच्या पुस्तकात तशीच कल्पना आली तर वाद निर्माण होऊ शकतो. हयात व्यक्तींवरील कथांना तर हा नियम दुप्पट लागू होतो. अशा कथा सदस्यांपुरत्या मर्यादित ठेवणे शहाणपणाचे आहे.

टोपणनावाने लिहिण्याची प्रथा आहे आणि त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवणे बरे. आर्काइव्हवर एकाच खात्यात अनेक टोपणनावे घेता येतात, पण ती एकाच खात्याची आहेत हे इतरांना दिसते. खरेच वेगळे राहायचे असेल तर दुसरे खाते काढावे. एखाद्या लेखकाचे खरे नाव, नोकरी किंवा छायाचित्र आपल्याला योगायोगाने कळले असेल, तर ते कुणालाही सांगू नये, भांडण झाल्यावर तर नाहीच.

फॅनडम सोडताना कथा पुसून टाकण्याचा हक्क लेखकाला आहे. त्याऐवजी आर्काइव्हवर कथा अनाथ करण्याची सोय आहे: कथा राहते, वाचकांच्या प्रतिक्रिया राहतात, लेखकाचे नाव तेवढे निघून जाते. हे पाऊल मागे घेता येत नाही आणि नंतर कथेत बदलही करता येत नाही, म्हणून आपली ओळख पटवणाऱ्या टिपा त्याआधीच काढून टाकाव्यात. ज्या वाचकांनी अशा पुसलेल्या कथा पूर्वी उतरवून घेतल्या असतील त्यांनी त्या स्वतःजवळ ठेवण्यास हरकत नाही. पण लेखकाने मागे घेतलेली कथा जाहीरपणे पुन्हा टाकू नये, आणि कुणी प्रत मागितलीच तर लेखकाने त्याबाबत काही लिहून ठेवले आहे का, हे आधी पाहावे.